एका लिटरची पेंड



तात्यांच्या स्मृतिदिनी बोलायला तुम्ही एका खरेदीवाल्याला बोलावलंत, याचं मला अप्रूप वाटतं. मी पशुवैद्य नाही आणि पुढारीही नाही. तीस वर्षं एका पशुखाद्य कारखान्यात कच्च्या मालाची खरेदी केली. मका, सरकी पेंड, भाताचा तेल काढलेला कोंडा, मळी, मोहरीची पेंड. तात्या इथल्या दूध संस्थेचे सचिव. आमची ओळख झाली ती पोत्याचा भाव वाढवला त्या आठवड्यात. तात्या एसटीनं कारखान्यावर आले, पाणी प्यायले, आणि पिशवीतून एक लांबट वही काढून माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "साहेब, भाव का वाढवला ते मी विचारत नाही. माझ्या एका लिटरमध्ये आज तुमची पेंड किती येते, तेवढं सांगा."

वहीत तीन रकाने होते. पहिल्यात दुधाचा दर, दुसऱ्यात पेंडीचा किलोचा दर, आणि तिसऱ्यात पहिल्याला दुसऱ्यानं भागून आलेला आकडा. एका लिटरच्या पैशात किती किलो पेंड येते, तो आकडा. किलोच्या खाली गेला की तात्या त्याखाली लाल पेन्सिलीनं रेघ ओढत. दुधाच्या धंद्यावर मी पुढं बरंच वाचलं, परिषदांना बसलो, पण या तिसऱ्या रकान्याइतकं नेमकं मोजमाप मला कुठं सापडलं नाही. आज बोलणार आहे ते त्या रकान्याबद्दलच.

दुधाच्या भावावर आपल्याकडं पुष्कळ बोललं जातं. रस्त्यावर दूध ओतलं की छायाचित्रं छापून येतात. पेंडीच्या भावावर मात्र कोणी बोलत नाही, कारण तो भाव गुपचूप कापला जातो. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो, त्यातून पेंडीची पोती वजा होतात आणि उरलेला आकडा हातात पडतो. वजा झालेले पैसे हाताला लागलेलेच नसतात, म्हणून ते गेल्याचं दुखणंही नीट कळत नाही. दूध उत्पादनाच्या खर्चात साठ ते सत्तर टक्के वाटा चारा आणि खाद्याचा असतो, हे शेतकऱ्यापासून शास्त्रज्ञापर्यंत सगळे मान्य करतात. तरीही सरकार, संघ आणि संघटना यांच्यातली सगळी बोलणी पहिल्याच रकान्यावर सुरू होतात आणि तिथंच संपतात.

आपण इथंच हिशोब मांडू. गोठ्यात १५ लिटरची संकरित गाय आहे असं धरा. तिच्या शरीरपोषणाला दीड किलो आणि दर अडीच-तीन लिटर दुधामागं एक किलो, म्हणजे दिवसाला सुमारे सात किलो पेंड. पेंड ३२ रुपये किलो धरली तर २२४ रुपये. हिरव्या चाऱ्याचे ६० आणि वाळल्याचे ४० धरा. दावणीत ३२४ रुपये गेले. दुधाला ३० रुपये मिळाले तर ४५० रुपये आले, उरले १२६. आता दूध चार रुपयांनी उतरवा. आले ३९०, उरले ६६. दुधाचा दर तेरा टक्क्यांनी उतरला आणि घरात येणारा पैसा जवळजवळ निम्मा झाला. त्यातच पेंड किलोमागं तीन रुपयांनी चढली तर आणखी २१ गेले, उरले ४५. डॉक्टर, औषध, वीज, माणसाची मजुरी, गाय आटल्यावरचे दोन महिने, कालवडीचं संगोपन, कर्जाचा हप्ता, सगळं या ४५ रुपयांतून करायचं. गावागावांत आकडे थोडे पुढंमागं होतील, पण चाल अशीच राहील.

यात गाईची स्थिती मोठी विचित्र आहे. तिचं दूध एका बाजारात विकलं जातं आणि तिचं खाद्य भलत्याच बाजारातून येतं. महाराष्ट्रात गाईच्या जादा दुधाची भुकटी आणि लोणी होतं, आणि भुकटीचा भाव जगाच्या बाजाराकडं बघून हलतो. २०२३ च्या अखेरीला आणि २०२४ मध्ये भुकटी पडली तेव्हा आपल्या दुधाचे दर तिच्यामागं घसरले. इकडं पेंडीचा भाव ठरवतो कापूस, मका, सोयाबीन, भात आणि आता इथेनॉल. यांतल्या कशालाही भुकटीच्या भावाशी देणंघेणं नाही. दोन्ही बाजार एकाच दिशेनं गेले तर बरं. उलट दिशांना गेले की मधे गोठा चिरडला जातो.

सरकी पेंडीचंच बघा. विदर्भात तिला ढेप म्हणतात. अकोला हे तिचं मोठं ठिकाण. एनसीडीईएक्सवर या ढेपेचा वायदा चालतो तो अकोल्याच्या डिलिव्हरीवर, त्यामुळं आपल्या तालुक्यातला दुकानदारसुद्धा भाव सांगण्याआधी अकोल्याचा भाव विचारतो. क्विंटलभर कापूस जिनिंगमध्ये गेला की ३४ किलोच्या आसपास रुई निघते, उरते ती बहुतेक सरकी. सरकी घाण्यातून गेली की थोडं तेल निघतं आणि बाकीची पेंड होते. म्हणजे बायकांनी वेचलेल्या कापसाचा वजनाचा मोठा भाग शेवटी आपल्या गाईच्या घमेल्यात येऊन पडतो. दिवाळीनंतर कापसाची आवक वाढते तेव्हा पेंड नरमते आणि पावसाळ्यात साठे संपत आले की चढते. हा नेहमीचा फेरा झाला. पण २०२२ मध्ये कापसानं क्विंटलला दहा हजार रुपये ओलांडले, आणि पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल म्हणून लोकांनी कापूस घरात ठेवला. जिनिंगला माल कमी गेला, सरकी कमी निघाली. यवतमाळच्या घरात कापूस पडून राहिला आणि त्याची झळ राहात्याच्या गोठ्याला लागली. त्या कापसावर कर्ज काढणाऱ्या माणसाला मी दोष देणार नाही. त्याला त्याचा भाव मिळालाच पाहिजे.

मक्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर, धुळे हे आपले मक्याचे जिल्हे. कर्नाटकातलं दावणगेरे आणि बिहारमधलं पूर्णियाजवळचं गुलाबबाग या बाजारांकडंही आम्हाला रोज बघावं लागे. २०१८ मध्ये लष्करी अळी कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी सोलापूरकडं येऊन पोहोचली, तेव्हा कोंबडीवाले आणि आम्ही एकाच मक्यामागं धावत होतो. आता तिसरं गिऱ्हाईक आलं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले आणि धान्यावर चालणाऱ्या कारखान्यांचा भर मक्यावर गेला. मक्याच्या इथेनॉलचा दर लिटरला ७१.८६ रुपये ठरवला गेला. एका टन मक्यातून पावणेचारशे लिटरच्या आसपास इथेनॉल निघतं. तोवर मका निर्यात करणाऱ्या आपल्या देशानं २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनहून मका आणला. ऊस पिकवणाऱ्यांच्या जिल्ह्यात रसावर बंधन आलं आणि त्याचा परिणाम दावणीत दिसला, हे दहा वर्षांपूर्वी मला कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो त्याला व्यापारात डीडीजीएस म्हणतात. त्यात प्रथिनं चांगली असतात, सव्वीस-तीस टक्क्यांपर्यंत. तो स्वस्त पडतो, म्हणून पशुखाद्यात त्याचा वापर वाढला. त्याच्या दबावानं सोया पेंड नरमली, आणि सोयाबीनचा शेतकरी हमीभावाच्या खाली विकू लागला. पण डीडीजीएसबद्दल एक सावधगिरी सांगतो, कारण मी माल तपासून घेणारा माणूस आहे. मक्यात बुरशीचं विष, म्हणजे अफलाटॉक्सिन असेल तर स्टार्च निघून गेल्यावर उरलेल्या चोथ्यात ते जवळजवळ तिप्पट दाट होतं. गाईच्या पोटातून ते दुधात उतरतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, २०१८ मध्ये देशभर दुधाचं सर्वेक्षण केलं तेव्हा ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत ते मर्यादेच्या वर सापडलं. लोक दुधात युरिया आणि साबण शोधत होते. खरा धोका चाऱ्यातून आणि पेंडीतून येत होता. स्वस्त खाद्य मिळालं म्हणून आनंद होण्याआधी ते कशामुळं स्वस्त झालं, हे विचारायला हवं.

इथं मला एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. दिवाळीच्या तोंडावर परतीचा पाऊस झाला होता. कारखान्याच्या फाटकावर एक तरुण शेतकरी ट्रॅक्टरभर मका घेऊन आला. ओलावा मोजला, सतरा-अठरा निघाला. आमची मर्यादा चौदाची. मी माल परत केला. त्यानं वाद घातला नाही. कणसं वाळवायला अंगण नाही, खळं नाही, दोन दिवस ट्रॉलीवर ताडपत्री टाकून बसलो होतो, एवढंच म्हणाला. त्याचा मका घेतला असता तर त्यातली बुरशी तुमच्या दुधात आली असती. घेतला नाही, म्हणून त्यानं तो वाटेत कुणा आडत्याला मिळेल त्या भावात दिला. माझा निर्णय बरोबर होता आणि तरीही त्या रात्री मला झोप आली नाही. पेंड स्वस्त करा, अशी मागणी आपण करतो तेव्हा तो मुलगा माझ्या डोळ्यांपुढं येतो. मक्याचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला २,४०० रुपये जाहीर झाला आणि त्या खरिपात पीक भरघोस येऊन अनेक बाजारांत भाव त्याच्या खूप खाली गेला. दूध उत्पादकानं त्यावर समाधान मानायचं का? मला तसं वाटत नाही. अर्धेअधिक दूध उत्पादक स्वतःच कुठं ना कुठं मका, सोयाबीन, कापूस पिकवतात. एका हातानं मिळालेलं दुसऱ्या हातानं जातं.

शिवाय मका पडला म्हणून पोतं लगेच पडतं, असंही नाही. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात, पोत्याच्या भावाचंही तसंच आहे. कारखान्याच्या बाजूनं त्याचं एक कारण मी सांगू शकतो. गोदामात जुन्या भावाचा माल असतो, आणि पोत्यात नुसता मका नसतो. पाच-सात घटकांतून प्रथिनांचं प्रमाण राखत सर्वांत स्वस्त मिश्रण संगणक काढून देतो. एक घटक उतरला तरी दुसरा चढलेला असतो. हे कारण खरं आहे. पण चढताना हीच गोदामं जुन्या भावाच्या मालानं भरलेली असतात आणि तेव्हा कोणी थांबत नाही, हेही तितकंच खरं आहे. धंद्यात राहून मी हे पाहिलं आहे आणि आज ते बोलायला मला संकोच वाटत नाही.

आता पेंड महाग झाली की गोठ्यात काय होतं ते पाहू. हे अधिकाऱ्यांना कागदावर दिसत नाही, पण समोर बसलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. पहिल्यांदा आंबोण पातळ होतं. सात किलोची पाच किलो होते, खनिज मिश्रणाची पुडी बंद होते, आणि सगळ्यांत आधी हात आखडतो तो भाकड गाईच्या आणि कालवडीच्या बाबतीत, कारण त्या आज पैसे देत नाहीत. आठ-दहा दिवसांत दूध दोन लिटरनं उतरतं. ते दिसतं. पण दुधाचं एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरणारे घन घटक, तेही उतरतं, ते संकलन केंद्रावरच्या यंत्रात दिसतं. आणि दर कशावर? फॅट आणि एसएनएफवर. गाईच्या दुधाला पूर्वी ३.५ आणि ८.५ चं प्रमाण असे, २०२४ च्या जानेवारीतल्या अनुदानाच्या वेळी ३.२ आणि ८.३ धरलं गेलं. त्याखाली प्रत्येक पॉइंटला वजावट. ही वजावट ३० पैशांवरून रुपयावर गेल्याच्या तक्रारी आंदोलनात तुम्हीच मांडल्या होत्या. म्हणजे पेंड महाग झाली म्हणून शेतकऱ्यानं पेंड कमी केली, म्हणून दूध कमी झालं, म्हणून दर्जा घसरला, म्हणून उरलेल्या दुधाचाही दर कापला गेला. तिसरा फटका सहा महिन्यांनी बसतो. अशक्त गाय माजावर येत नाही, आली तर उलटते, दोन वेतांमधलं अंतर वाढतं. त्या वेळी बाजारात पेंड उतरलेलीही असते. पण गोठ्यात गाय उभी राहते ती रिकाम्या सडांनी.

म्हणून मी नुसत्या दुधाच्या दराकडं बघायला तयार नाही.

सरकारनं काही केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०१८ च्या जुलैतल्या आंदोलनानंतर लिटरला पाच रुपयांचं अनुदान आलं. २०२३ च्या जुलैत ३.५ आणि ८.५ च्या गाईच्या दुधाला किमान ३४ रुपये जाहीर झाले. त्याच सुमारास पशुखाद्य उत्पादकांना भाव उतरवा आणि पोत्यावर घटक छापा अशा सूचनाही झाल्या. वर्ष संपण्याआधी गावागावांत २६-२७ रुपये मिळत होते, आणि त्याच वर्षी चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर झालेला होता. २०२४ च्या जानेवारीत संघांनी २७ द्यायचे आणि सरकारनं पाच, जुलैपासून ३० आणि पाच, ऑक्टोबरपासून २८ आणि सात. शेवटच्या वेळी तर बेरीज तीच ठेवून आत खालीवर केलं गेलं. यातला एकही आकडा पेंडीच्या भावाशी बांधलेला नव्हता. ३४ रुपये पेंड अमुक असताना पुरेसे आहेत आणि तमुक झाली तर नाहीत, हे कोणत्याच शासन निर्णयात मी वाचलं नाही. उसाला १९६६ चा नियंत्रण आदेश आहे, एफआरपी म्हणजे ठरलेला किमान भाव आहे, त्यासाठी न्यायालयात जाता येतं. दुधाला तसा आधार नाही.

आणि दूध व पेंड यांचा हिशोब एकत्र ठेवणं अशक्य आहे असं मला कोणी सांगू नये. ३१ ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणंदजवळ कंजरीला आले होते. कशासाठी? खेडा दूध संघाच्या पशुखाद्य कारखान्याच्या उद्घाटनासाठी. त्या दौऱ्यात ते अजरपुरा गावात एका शेतकऱ्याच्या घरी मुक्कामाला राहिले, सहकारी संस्थेचं काम रात्रीतून समजून घेतलं, आणि हे देशभर करा असं संघ चालवणाऱ्या वर्गीस कुरियन यांना सांगितलं. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ उभं राहिलं. ज्याला आपण दुधाची क्रांती म्हणतो ती दुधाच्या टाकीपाशी नव्हे, पेंडीच्या पोत्यापाशी सुरू झाली. खेडा संघानं दूध, पेंड आणि डॉक्टर एकाच छपराखाली ठेवले, त्यामुळं एका खात्यातली ओढ दुसऱ्या खात्यातून सोसता आली. आपल्याकडं कोल्हापुरात 'गोकुळ'नं स्वतःचं पशुखाद्य करून तो मार्ग बराच राखला. पण महाराष्ट्रातलं बहुतेक गाईचं दूध आज खासगी डेअऱ्यांकडं जातं. तिथं दूध घेणारा एक, पेंड विकणारा दुसरा, आणि दोघांनाही तिसरा रकाना बघायची गरज नाही.

अमेरिकेत २०१४ च्या शेती कायद्यापासून आणि २०१८ च्या कायद्यात सुधारून, दूध उत्पादकाला संरक्षण मिळतं ते दुधाच्या भावाला नव्हे, तर दूध आणि खाद्य यांच्या भावांतल्या फरकाला. मका, सोया पेंड आणि लसूणघास यांच्या भावांवरून महिन्याचा खाद्यखर्च काढतात, दुधाच्या भावातून तो वजा करतात, आणि हा फरक शेतकऱ्यानं निवडलेल्या पातळीच्या खाली गेला तर पैसे मिळतात. शंभर पौंड दुधामागं साडेनऊ डॉलरपर्यंतची पातळी घेता येते. त्यांचे गोठे आपल्यासारखे नाहीत आणि त्यांची योजना उचलून इथं आणा असंही मी म्हणत नाही. पण तिच्या गाभ्यात जे आहे ते तात्यांच्या वहीत होतं.

आपल्यापाशी काय नाही? अकोल्याच्या ढेपेचा भाव रोज मिळतो. बाजार समित्यांत मक्याचा आणि सोयाबीनचा भाव रोज लागतो. कडब्याचे भाव गुरांच्या बाजारात सगळ्यांना माहीत असतात. हे एकत्र करून विभागवार दर महिन्याला एक आकडा छापणं दुग्धविकास खात्याला अवघड नाही. नगर-पुण्याचा वेगळा, कोल्हापूरचा वेगळा, कारण तिथं म्हैस आहे आणि उसाचं वाढं आहे. मराठवाड्याचा वेगळा, कारण तिथं वाळला चारा विकत घ्यावा लागतो. आणि दुधाचा किमान दर जाहीर करताना त्याच्याच खाली लिहावं, की खाद्याचा आकडा इतका चढला तर दर इतका चढेल. उतरला तर इतका उतरेल, हेही लिहा. आमच्या लोकांना न्याय समजतो. अनुदान द्यायचं असेल तर ते या फरकावर द्या, आंदोलनाच्या तारखेवर नको. पोत्यावरच्या घटकांची छपाई खरी आहे का हे तपासणारी प्रयोगशाळा विभागात एक तरी असू द्या. तोपर्यंत तालुक्यातल्या चार संस्थांनी मिळून दिवाळीनंतर, आवक असताना, सरकी पेंड एकत्र घ्यावी आणि मुरघासाचा मका शेजारच्या शेतकऱ्याशी पेरणीआधी भाव ठरवून लावून घ्यावा. ज्याला खळं नाही त्या मुलाचा मका ओला निघण्याआधी चाऱ्यात खपेल.

बोलायला येण्याआधी दुपारी मी इथल्या तीन गोठ्यांवर जाऊन आलो. एका गोठ्यात एक ताई पोत्याचा दोरा सोडवून गुंडाळत होत्या. त्यांच्याकडं चार गाया, दोन दुभत्या. मी नेहमीच्या सवयीनं म्हणालो, ताई, या पहिलारूला दीड किलो पेंड वाढवा, वेत चांगलं काढेल. त्या म्हणाल्या, "दादा, पेंड वाढवली की दूध वाढतं, ते मला कळतं. दूध वाढायला महिना लागतो. महिन्यानं दुधाला काय भाव राहील, ते तुम्ही आज सांगता का?"

मी त्यांना अकोल्याचा सकाळचा भाव सांगितला. दुधाचा सांगता आला नाही. त्यांनी मान हलवली, रोजचंच माप भरलं आणि घमेलं गाईपुढं सरकवलं.